मणक्यातली गॅप

"गॅपचा आज निकाल लावतो," अप्पा फोनवर म्हणाले.

मी परीक्षेच्या खोलीत होतो. संख्याशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि सकाळचे सव्वादहा झाले होते. परीक्षा चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच फळ्यावर लिहिलेला होता. पण उदगीरला राहणारे अप्पा, माझे वडील, सकाळी कधी फोन करत नसत, म्हणून मी व्हरांड्यात आलो.

"कुठून बोलताय?"

"उदगीरच्या स्टँडवरनं. हंगरवाडीच्या गाडीत बसलोय. मौलासाबाकडं चाललोय, पाठ बसवून घ्यायला."

मौलासाब हा त्या भागातला नावाजलेला हाडवैद्य. त्याच्या दारात आठवड्याचे सहा दिवस रांग असते, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्या रांगेविषयी मी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता.

"नागनाथ कंडक्टरची गॅप त्यानं एका झटक्यात बसवली म्हणं," अप्पा सांगत होते. "पालथं झोपवतो, पाठीत गुडघा लावतो आणि खांदे मागं ओढतो. कडकन आवाज आला की झालं."

"अप्पा, गाडीतून उतरा."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर पाच शब्दांचं होतं. त्या वेळी व्हरांड्यात माणसं होती असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण व्हरांडा रिकामा होता.

"मी येतोय," मी म्हणालो. "मी येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नका."

"परीक्षा सोडून येणार? आणि का, ते सांगत नाहीस. तुला पटत नाही म्हणून मी दुखणं सोसत बसू का? त्याच्याविरुद्ध तू पेपरात लिहिलंस ते वाचलंय मी. चांगलं लिहिलंस. पण पाठ माझी दुखूलालीय. पाय तर परवापासनं लाकडावाणी..."

फोन बंद पडला. पुन्हा लावला, तर तो बंद असल्याचं एक बाई तीनदा सांगत राहिली. रात्री फोन चार्जिंगला लावायला ते नेहमीच विसरत.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. त्या सकाळी मला काय माहीत होतं, ते आधी सांगितलं पाहिजे.

अप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो मणक्यांत पाच ठिकाणी पसरला होता. निदान पाच महिन्यांपूर्वी झालं. त्या दिवशी डॉ. सुनीती कोटलवार यांच्या खोलीत मी आणि माझी थोरली बहीण महानंदा असे दोघेच बसलो होतो; अप्पा बाहेर बाकावर शेजाऱ्याशी वीजबिलाविषयी बोलत होते. अक्काने विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या अवस्थेत उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्मे तीन-साडेतीन वर्षांच्या आत जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात, काही तर बरीच वर्षं असतात. आकडा गटाचा आहे, तुमच्या वडिलांचा नाही. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी मला त्यातलं फक्त 'तीन' ऐकू आलं.

मग त्यांनी मला एक गोष्ट दोनदा सांगितली. एक मणका फार झिजला आहे. पायात मुंग्या, चालताना तोल जाणं, पाय जड होणं, लघवी अडकणं, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. मज्जारज्जू दाबला गेला तर पाय वाचवायला हातात तास असतात. "आणि हे त्यांना स्वतःला माहीत हवं," त्या म्हणाल्या. "पाय त्यांचे आहेत."

खोलीबाहेर येताच अक्काने माझा दंड धरला. "अप्पांना सांगायचं नाही. ऐकलं तर त्याच दिवशी अंथरूण धरतील." या विधानाला काय पुरावा, हे मी तिला विचारलं नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत जाऊन मी अंगारे-धुपारे देणाऱ्यांना पुरावा विचारत आलो होतो. तिला मात्र विचारला नाही. उलट मी तिला माझ्या बाजूने एक युक्तिवादही पुरवला. ज्या माहितीने कुठलाही निर्णय बदलत नाही, ती माहिती दिली काय आणि न दिली काय, सारखंच. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचंच आहे. मग नाव कशाला?

नाव अक्काने शोधलं. लघवीचा त्रास वयामुळे, इंजेक्शन त्यासाठी. आणि पाठदुखी म्हणजे मणक्यात गॅप. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत चाळिशी ओलांडलेल्या दोन-चार जणांना गॅप असते. कुणी पट्टा बांधतो, कुणी फळीवर झोपतो. अप्पांनी ती बातमी जवळजवळ आनंदाने घेतली. बत्तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन म्हणून खांब चढल्यावर मणक्यात गॅप पडणारच, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

परीक्षा सहकाऱ्याकडे सोपवून मी अक्काच्या घरी गेलो. ती दोन गल्ल्या पलीकडेच राहायची. हाताला भाकरीचं पीठ तसंच असताना ती गाडीत येऊन बसली.

लातूर ते उदगीर पासष्ट किलोमीटर, तिथून हंगरवाडी पंधरा. अप्पांची एसटी पाऊण तासात पोचणार होती. मला दोन तास लागणार होते. हिशोब करायला संख्याशास्त्र लागत नव्हतं.

"रांग असते ना तिथं?" अक्काने विचारलं.

"असते."

"मग नंबर लागेपर्यंत आपण पोचू."

"म्हातारा माणूस आला की रांगेतले लोक पुढं सोडतात."

नळेगावच्या अलीकडे ती म्हणाली, "मौलासाबाला सांगू, गॅप लई मोठी आहे, आम्ही ऑपरेशन करून घेणार म्हणून."

"अक्का, पाय लाकडासारखे झालेत म्हणाले."

"गॅपमध्ये होतंच तसं. आमच्या जाऊबाईंना मुंग्या येऊलाल्या होत्या, वर्षभर."

"गॅप नाहीये."

"मला माहिताय. मला काय येडी समजलास?" ती खिडकीकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "पाच महिने सगळ्यांना सांगून सांगून मलाच वाटाय लागलं, की गॅपच आहे."

पुढच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दहा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहत होतो आणि अक्का माझ्याकडे.

"तू तर रोज फोनवर विचारायचास, पाय कसे आहेत म्हणून."

"विचारायचो. बरे आहेत म्हणायचे."

"मग आपण काय करणार?"

"मुंग्या येतात का, असं मी विचारलं नाही."

"का नाही?"

"मुंग्यांचं का विचारतोस, असं त्यांनी विचारलं असतं."

पदराच्या टोकाने ती बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिली.

मौलासाबाचं घर गावाच्या टोकाला होतं. पुढे पत्र्याची लांब पडवी आणि पडवीत दहा-बारा माणसं. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय बांबूच्या कामट्यांत. मधल्या लाकडी तख्तावर अप्पा उताणे पडले होते. डोक्याखाली त्यांचीच पिशवी होती. ते कण्हत नव्हते, बोलत नव्हते. पत्र्याकडे पाहत होते. पायांशी एक काटकुळा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस पाटावर बसला होता.

"मलकापुरे सर," तो मला पाहून म्हणाला. "पेपरात फोटो होता. फोटोत जाड दिसता."

"हात लावला का तुम्ही?"

"तुम्ही लिहिलं होतं, मौलासाब कुणालाही हात लावतो." तो हसला नाही. "बसा."

"हात लावला का?"

"नाही लावला. थांब्यापासून इथपर्यंत चालत आले, काठी टेकत. उंबऱ्यात गुडघ्यावर पडले. तवापासून असेच झोपवून ठेवलेत. हलू दिलं नाही. तुम्हाला फोन लावायचा, तर नंबर ह्यांच्या मोबाइलात आणि मोबाइल मेलेला."

त्याने जमिनीवरची चिंचेची एक बारीक काडी उचलली आणि अप्पांच्या उजव्या तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत ओढली.

"अप्पा, कुठं फिरतंय सांगा."

"काय फिरतंय?" अप्पा पत्र्याकडे पाहतच म्हणाले.

काडी घोट्यावरून गेली, पोटरीवरून गेली, गुडघ्यावर आली. अप्पा काही बोलले नाहीत. काडी मांडीवर आल्यावर म्हणाले, "हां. आता कायतरी लागलं."

अक्काने माझ्या शर्टाची बाही धरली.

"हाड सरकलं तर माणूस ओरडतो," मौलासाब मला म्हणाला. त्याचा आवाज बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतका खाली आला होता; अप्पांना मात्र जात होता. "ह्यांची पाठ दुखते आणि पाय गप आहेत. पाय गप झाले की मी हात काढून घेतो. माझ्या बापानं ते पहिलं शिकवलं. आता सांगा, ह्यांना झालंय काय?"

"गॅप आहे," अक्का म्हणाली.

"ते ह्यांनी सांगितलं, ताई. मी सरांना विचारलं."

मी खाली पाहिलं. शेणाने सारवलेल्या जमिनीत बोटांचे अर्धगोल उमटले होते, ते मला आजही काढून दाखवता येतील.

"लातूरला न्यायचं," मी म्हणालो. "आत्ता."

मौलासाबाने पुन्हा विचारलं नाही. तो उठला, घरात गेला आणि दाराची एक फळी बिजागरीवरून उतरवून घेऊन आला. रांगेतल्या चार धडधाकट माणसांना त्याने बोलावलं. "मान ते कंबर एक लाकूड समजा. लाकूड वाकत नाही. मी म्हणेन तेव्हा एकदम." त्याने स्वतः अप्पांचं डोकं दोन तळव्यांत धरलं. अप्पांना फळीवर घेताना त्यांची पाठ बोटभरही वळली नाही. मी आयुष्यात पाहिलेल्या नेटक्या कामांपैकी ते एक होतं आणि ते मला नाकारता येण्यासारखं नव्हतं.

फळी माझ्या गाडीत मावणार नव्हती. गावातला एक टेम्पो मिळाला. अक्का पुढे ड्रायव्हरजवळ बसली. मागे ताडपत्रीखाली अप्पा आणि मी. मी एक हात फळीच्या कडेवर आणि दुसरा त्यांच्या खांद्यावर ठेवला होता. टेम्पो सावकाश चालवायला सांगितला होता आणि सावकाश जाणारं प्रत्येक मिनिट मला मोजता येत होतं.

उदगीर मागे पडल्यावर अप्पांनी विचारलं,

"मौलासाबानं विचारलं, तवा तू खाली का बघितलास?"

"अप्पा, आता बोलू नका. हादरे बसतात."

"तोंड हललं म्हणून पाठीला हादरा बसत नाही. शिकलेला आहेस ना? शांतवीर, मला झालंय काय?"

ते मला शांतू म्हणत. पूर्ण नाव शाळेच्या दाखल्यावर होतं.

"कॅन्सर आहे," मी म्हणालो. "प्रोस्टेटचा. मणक्यांत पसरलाय. गॅप नाही."

त्यांनी डोळे मिटले. ते घाबरले असावेत, असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर भीती नव्हती. कामावरून परत आल्यावर त्या दिवशीच्या चुकीची चौकशी करताना त्यांचा चेहरा होई, तसा तो झाला होता.

"कवा कळलं?"

"पाच महिन्यांपूर्वी."

"महानंदाला?"

"दोघांनाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं."

"पायाचं असं होणार, हे डॉक्टरनं सांगितलं होतं का?"

"होऊ शकतं म्हणाल्या होत्या. मुंग्या आल्या तर त्याच दिवशी या, असं सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

टेम्पो ओढ्यावरच्या एका फरशीपुलावरून गेला. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि हादरा जाऊ दिला.

"मुंग्या सोळा दिवसांपासनं आहेत," ते म्हणाले. "नागनाथ म्हणाला, गॅपमध्ये येतात. म्हणून मी तुला बोललो नाही. उगं काळजी करतोस म्हणून."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी बोटाने थांबवलं.

"आम्ही लाइनवर चढायच्या आधी परमिट घेतो. सबस्टेशनचा ऑपरेटर लिहून देतो, की ही लाइन बंद केली, इतक्या वाजता, खाली त्याची सही. कारण स्विच पाच-सात कोसांवर असतो, आम्हाला दिसत नाही. त्याच्या कागदावर आम्ही तारेला हात लावतो." ते श्वास घेण्यासाठी थांबले. "पण कागद मिळाला, तरी आधी तारेवर साखळी टाकून बघायची; करंट असला तर ठिणगी उडते. ऑपरेटर सख्खा भाऊ असला तरी टाकायची. बत्तीस वर्षांत मी एकदा चुकलो नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्यावर टाकली नाही."

पुढच्या चाळीस किलोमीटरांत एकदा त्यांनी पाणी मागितलं आणि मी रुमाल भिजवून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तो लावू दिला.

रुग्णालयात पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. डॉ. कोटलवार यांनी अप्पांना पायाची बोटं हलवायला सांगितली. उजव्या पायाचा अंगठा हलला. डाव्या पायाची बोटं हलवण्याचा प्रयत्न करताना अप्पांच्या कपाळावर घाम आला आणि अखेर करंगळी जराशी थरथरली. लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, लघवीसाठी नळी घातली. एमआरआय झाला. साडेपाचला त्या पडद्यावर दाखवत होत्या: छातीमागचा नववा मणका बसला होता आणि गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. शल्यविशारदांचं मत विचारलं होतं. इतके मणके पोखरलेले असताना स्क्रू धरणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. किरणोपचार आजच सुरू करायचे. संमतीपत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"नातेवाइकांची सही इथे."

"सही मी करणार," अप्पा स्ट्रेचरवरून म्हणाले. "हात चांगले आहेत माझे. पण आधी विचारायचंय."

डॉक्टर स्ट्रेचरपाशी गेल्या. "विचारा."

"किती दिवस?"

अक्काने तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टरांनी पाच महिन्यांपूर्वीचं तेच वाक्य त्याच शब्दांत अप्पांना सांगितलं. निम्मे आधी, निम्मे नंतर.

"पाय गेले तर हा आकडा कमी होतो का?"

"होतो. अंथरुणाला खिळलेल्यांचा काळ बहुधा महिन्यांत मोजावा लागतो. पण तुमच्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे. हार्मोनचं इंजेक्शन तुम्हाला अजून लागू पडतंय."

"आणि आता पाय परत येतात का?"

"जे चालत येतात, ते बहुतेक चालत राहतात. जे पाय गेल्यावर येतात, त्यांतले थोडेच उभे राहतात. तुम्ही मधे आहात. बोट हललंय."

अप्पांनी मान हलवली. "सोळा दिवसांपूर्वी आलो असतो तर चालत आलो असतो."

हे डॉक्टरांना उद्देशून नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"कागद आण," अप्पा मला म्हणाले. "जे आत्ता ऐकलं ते लिहून दे. तोंडी मी काही घेणार नाही आता."

"अप्पा, डॉक्टरांना घाई आहे," अक्का म्हणाली. "हे नंतर..."

"पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "मशीन तयार व्हायला तेवढी लागतीलच."

मी नर्सच्या टेबलावरून एक कोरा कागद घेतला. परीक्षेत मुलांना मी सांगतो, की आधी दिलेली माहिती लिहा, मग निष्कर्ष. मी आजाराचं नाव लिहिलं, मणक्यांची संख्या लिहिली, निदानाची तारीख लिहिली. निम्मे आधी, निम्मे नंतर, हेही लिहिलं. मुंग्या, तोल, लघवी, ही धोक्याची लक्षणं निदानाच्या दिवसापासून मला माहीत होती आणि मी ती रुग्णाला सांगितली नाहीत. त्यामुळे सोळा दिवस गेले, असं लिहिलं. मग कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

त्यांनी चष्मा मागितला आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

"ह्या निम्म्यांत मी कुठल्या बाजूला?"

"ते सांगता येत नाही."

"डॉक्टरला येत नाही, की तुला?"

"कुणालाच."

"मग तसं लिही. सांगता येत नाही म्हणून. नाहीतर मी उद्यापासनं कॅलेंडर बघत बसेन."

मी शेवटची ओळ लिहिली. नाव, सही, तारीख. "वेळ," ते म्हणाले. मी पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं असं लिहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, माझ्या सहीखाली 'वाचलं' असं लिहून स्वतःची सही केली आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायला लावला. त्यानंतर त्यांनी संमतीपत्रावर सही केली. ते मात्र त्यांनी वाचलं नाही.

माझ्यावर ते ओरडले नाहीत. त्या रात्री नाही आणि नंतरही नाही. अक्काशी आठ दिवस बोलले नाहीत. माझ्याशी बोलले, पण फक्त विचारायला. रक्तात काय आलं, पीएसए, म्हणजे कॅन्सरचा रक्तातला आकडा, किती, गोळी कशाची. मी सांगायचो. पूर्वी ते माझं बोलणं मान हलवत ऐकायचे. आता माझं वाक्य संपलं, की नर्सला बोलावून तेच विचारायचे आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहायचे. जुळली, की "बरं" म्हणायचे. किरणोपचाराचे दहा दिवस असेच गेले. त्यानंतर केव्हातरी नर्सला बोलावणं कमी झालं. कधी ते मी नोंदवून ठेवलं नाही. तेवढी एक नोंद ठेवायला हवी होती.

त्या दिवसानंतर ते दोन वर्षं सात महिने जगले. निदानापासून मोजलं तर जेमतेम तीन वर्षं. म्हणजे अर्ध्याच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. हे गणित करण्याची मला सवय झाली आहे. त्याने काही सिद्ध होत नाही.

एकविसाव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने वॉकर आणला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. आणि अप्पा पलंगाच्या कडेवरून उठले. वॉकरच्या दांड्यांवर त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. गुडघे थरथरत होते, पण त्यांनी धरून ठेवलं. ते उभे होते.

अक्का पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचे डोळे भरून आले. "बघा अप्पा, झालं की. दोन महिन्यांत पहिल्यासारखं चालाय लागाल तुम्ही."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून माझ्याकडे.

"तू काय म्हणतोस?"

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी दोन्ही पायांची ताकद तपासली होती. ते आकडे मला पाठ होते. अक्का माझ्याकडे पाहत होती. तिला काय हवं होतं, ते मला समजत होतं.

"डावा पाय फार कमजोर आहे," मी म्हणालो. "तो बहुधा असाच राहील. त्याच्यावर भार दिलात तर पडाल. उजवा धरेल."

अप्पांनी खाली दोन्ही पायांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी नर्सला बोलावलं नाही. अंग उजवीकडे झुकवलं, सगळा भार उजव्या पायावर घेतला, वॉकर वीतभर पुढे सरकवला आणि डावा पाय ओढत त्याच्या मागे नेला.